पर्थला निघण्याआधी

सिडनी, १८ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

परवा फोनवर "सगळं ठीक" म्हणाले, ते अर्धंच खरं होतं. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी लगेच विमानाचं भाडं विचारलं असतं, म्हणून लिहिते. पर्थच्या रग्बी लीगच्या नोकरीवर मी सही केली आहे. तीन वर्षांचा करार, २ मार्चपासून. नानांच्या खोलीत बसून "दोन वर्षं आणि परत" असं जे ठरलं होतं, ते मी मोडलं. आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात हेही माहीत होतं, आणि म्हणूनच विचारवलं नाही.

आधी आईच्या काळजीचं. पर्थ नकाशावर लांब दिसतं, पण तुमच्यापासून ते सिडनीपेक्षा जवळ आहे. सध्या आपल्यात साडेपाच तासांचा फरक आहे, तिथून अडीचच राहील. म्हणजे तुमचा संध्याकाळचा चहा होतो तेव्हा माझी रात्रीची भाकरी तव्यावर असेल, पेंगत बोलायला नको. सिंगापूरवरून येताना विमानाचे तीन तास वाचतात. घर मैदानापासून सायकलच्या अंतरावर मिळतंय, स्वयंपाकघराला खिडकी आहे, गॅसची शेगडी आहे. तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, कोकम सगळं मिळतं. गोडा मसाला मिळत नाही, तो मात्र तुझाच लागेल. आणि मी स्वतः खेळणार नाहीये गं, हे पुन्हा एकदा लिहून देते. माझं काम मैदान, मुलं, प्रशिक्षक आणि वेळापत्रक.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही नक्की म्हणाल, "चाललेलं सोडून ओसाडीत कशाला?" तेव्हा नीट सांगते.

रग्बी लीग हा खेळ जन्मला तो पाळीच्या हिशेबातून. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब रग्बी युनियनमधून बाहेर पडले. गिरणी-खाणीतल्या खेळाडूंची सामन्यापायी शनिवारची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी, दिवसाला सहा शिलिंग, एवढंच त्यांचं मागणं होतं. युनियनला ते पैशासाठी खेळणं वाटलं. रात्रपाळी करून सकाळी मैदानात उतरलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगू? पुढे त्यांनी नियमही बदलले, १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले, पकड झाल्यावर उठून चेंडू पायाने मागे सारायची पद्धत आणली. सहा पकडींत काय करायचं ते करा, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. तुम्ही पहिल्यांदा पाहिलात तेव्हा "ही तर चेंडूची हुतूतू" म्हणालात, ते वाक्य मी इथे शंभर वेळा वापरलंय.

पण आपल्याकडे ऊसपट्टा असतो तसा याचाही पट्टा ठरून गेला. तिकडे यॉर्कशायर-लँकेशायर, इकडे सिडनी आणि ब्रिस्बेनच्या बाजूचा मुलूख. ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर तर एक काल्पनिक रेघच आहे, बरासी रेषा. १९७८ मध्ये इयन टर्नर या इतिहासकाराने तिला हे नाव दिलं. रेघेच्या एका अंगाला रग्बी, दुसऱ्या अंगाला अंडाकार मैदानावरचं ऑस्ट्रेलियन फुटबॉल. पर्थ पार त्या दुसऱ्या अंगाला, सिडनीपासून तीन हजारांहून जास्त किलोमीटरवर.

तिथे देशाच्या वरच्या स्पर्धेतला संघ एकदा होऊन गेला आहे, हे लपवत नाही. वेस्टर्न रेड्स, १९९५ ते १९९७. खेळ वाईट नव्हता, हिशेब वाईट होता. पाहुण्या संघांचा विमानखर्च आणि मुक्काम त्यांनीच सोसायचा या अटीवर त्यांना आत घेतलं होतं. त्यात दोन संघटनांचं भांडण पेटलं, खेळाडूंचे पगार भडकले, आणि भांडण मिटल्यावर ज्यांचा बळी गेला त्यात हेही गेले. सामने वाकाच्या क्रिकेट मैदानावर, म्हणजे प्रेक्षक आणि खेळ यांच्यात रिकामं गवत. कॅनडातल्या टोरंटो वुल्फपॅकनेही तोच खड्डा खणला. २०१७ मध्ये तळातून सुरुवात, २०२० मध्ये सुपर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वात वरच्या स्पर्धेत, पाहुण्यांची तिकिटंही यांच्याच डोक्यावर. त्याच वर्षी जुलैत हंगाम अर्धवट टाकून बाहेर. वरचा मजला चकाचक आणि खाली पायाच नाही. टोरंटोत खेळणारी पोरं होती कुठे?

याच्या उलट फ्रान्समधलं पर्पिन्याँ. तिथला कातालान संघ २००६ मध्ये सुपर लीगमध्ये आला आणि २०१८ मध्ये चॅलेंज कप जिंकणारा इंग्लंडबाहेरचा पहिला संघ ठरला. कारण त्या भागात हा खेळ आधीपासून मुरलेला होता, अगदी १९४१ मध्ये विशी सरकारने बंदी घालून मालमत्ता जप्त केली तरीही. मेलबर्नचं मात्र मला कधी पटलं नाही. १९९८ मध्ये संघ आला, १९९९ मध्ये लगेच अजिंक्यपद, पण खेळाडू बहुतेक बाहेरून आणलेले. चषक कपाटात येतो म्हणून गल्लीतली पोरं तो खेळ खेळायला लागतात असं नाही. पर्थमध्येही २०१९ आणि २०२२ मध्ये आंतरराज्य सामन्याला साठ हजारांच्या आसपास माणसं आली होती. एका रात्रीची जत्रा. दुसऱ्या दिवशी मैदान पुन्हा फुटबॉलवाल्यांचं.

आता पर्थ बेअर्स २०२७ पासून देशाच्या वरच्या स्पर्धेत अठरावा संघ म्हणून उतरणार आहे, उत्तर सिडनीच्या जुन्या बेअर्स क्लबशी नातं जोडून. या वेळी आयताकृती स्टेडियम आहे, राज्य सरकारचा पैसा आहे, आणि टीव्हीवाल्यांनाही हवंय, कारण पर्थची संध्याकाळ म्हणजे सिडनीची रात्र. पण मोठा संघ उतरल्यावर पोरं शोधायला निघालं तर उशीर झालेला असतो. म्हणून मला यंदाच जायचं आहे, पुढच्या वर्षी नाही. हे मी स्वतःलाच पटवतेय असं आईला वाटेल. थोडं तसंही आहे.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला आवडेल म्हणून सविस्तर लिहिते. तिथली बहुतेक मैदानं अंडाकार, लांबीला साधारण १६५ मीटर, आणि हिवाळ्यात ती आधी फुटबॉलला दिली जातात. त्यात आपल्याला १०० बाय ६८ चा आयत बसवायचा, दोन्ही टोकांना सहा ते अकरा मीटर गोलक्षेत्र, म्हणजे चेंडू टेकवून गुण घ्यायची जागा, सोडायचं, वर चहूबाजूंनी धावत आलेला खेळाडू थांबेल एवढी मोकळी जागा. आयत बसतो, पण मधोमध क्रिकेटची सिमेंटची खेळपट्टी येते. आयत बाजूला सरकवला तर गोलक्षेत्राचे कोपरे गोलाईबाहेर जातात. पाच-सहा मीटरच्या वर सरकवताच येत नाही, म्हणजे खेळपट्टी आतच राहते. मग तिच्यावर वाळू-मातीचा थर नाहीतर कृत्रिम गवताची चटई टाकायची. दोन पाऊस झाले की थर बसतो आणि सिमेंटची कड वर येते. मुरगळलेले घोटे त्या कडेवरचे. म्हणून दर सामन्याआधी कोणीतरी अनवाणी चालून कड बघायची, बूट घालून ती कळत नाही.

आखणी तुमच्याच पद्धतीची. आधी एक बाजू, शंभर मीटर, खुंटीला दोरी ताणून. डोळ्यांनी काटकोन धरायचा नाही. कोपऱ्यापासून एका अंगाला तीस, दुसऱ्या अंगाला चाळीस, आणि दोन टोकांत बरोबर पन्नास आले की काटकोन. ओल्या गवतावर टेप सैल पडते आणि वाऱ्याने फुगते, म्हणून दोघांनी सारख्याच ओढीने धरायची. मग दर दहा मीटरला रेघ. चाळीस आणि वीसच्या रेघा चुकल्या तर भांडण ठरलेलं, कारण स्वतःच्या चाळीसच्या आतून मारलेला चेंडू टप्पा खाऊन समोरच्या वीसच्या आत बाजूला गेला तर चेंडू मारणाऱ्यालाच परत मिळतो. फक्की मात्र इथे चालत नाही. ओल्या अंगाला चुना भाजतो, म्हणून पाण्यात मिसळायचा पांढरा रंग. दिव्यांचंही मोजमाप आहे, सरावाला ५० लक्स आणि क्लबच्या सामन्याला १००. बऱ्याच मैदानांवर सरावापुरतेच दिवे असतात, म्हणून मुलांचे सामने शनिवारी सकाळीच लावावे लागतात.

आणि पाळ्या! पर्थमधल्या कितीतरी बापांची नोकरी उत्तरेच्या खाणींवर. विमानाने जायचं, दोन आठवडे काम, एक आठवडा घरी. एकाच प्रशिक्षकावर संघ सोपवला की तिसऱ्या आठवड्याला पोरं गळायला लागतात. उपाय एकच, दर संघाला उलट पाळीचे दोन प्रशिक्षक आणि एकच सामाईक वही. बदली धरून सतरा पोरं हवी असतील तर बावीस नावं लिहायची. मुलांसोबत काम करण्याचा सरकारी दाखला आधी, शिट्टी नंतर. सुदैवाने न्यूझीलंड आणि बेटांवरून आलेली कुटुंबं तिथे पुष्कळ आहेत, त्यांच्या घरात हा खेळ आहेच. अवघड आहे ते बाकीच्यांना आणणं. फुटबॉलमधून आलेलं पोर मुठीने चेंडू पुढे ढकलतं, इथे हातातून पास पुढे गेला की चूक. पकड झाल्यावर मागे हटायचं विसरतं. नीट उभं राहायच्या आधीच पाय मारतं आणि चेंडू भलतीकडे जातो. अगदी लहानांना तर पकडच नाही, कमरेच्या पट्ट्याला दोन फिती, एक ओढली की पकड धरायची.

आई, डोक्याच्या दुखापतीचं तू दर वेळी विचारतेस. बऱ्याचदा पकड करताना डोकं चुकीच्या बाजूला गेल्याने ती होते, समोरच्याच्या पुढ्यात न जाता डोकं त्याच्या पाठीमागच्या अंगाला राहिलं पाहिजे. घोट्याला झेपावायची सवय असलेल्या आपल्या कबड्डीतल्या कोपरारक्षकाला इथे पहिल्या दिवशी गुडघा लागेल, हे बाबांना सांग. डोक्याला मार बसल्याची शंका आली तरी पोराला लगेच बाहेर काढायचं. लक्षणं पूर्ण गेल्यावर चौदा दिवस अंगलटीचा सराव नाही, आणि सामना मार बसल्यापासून किमान एकवीस दिवसांनी. बाप कितीही ओरडला तरी. हे पाळून घेणं हेही माझंच काम.

कदाचित हाही संघ रेड्सच्या वाटेने जाईल. तसं झालं तरी मैदानं आणि पोरं तिथेच राहतील, आणि मी घरी येईन. तेव्हा "सांगत होतो" म्हणू नका हं बाबा, म्हणायचंच असेल तर जेवण झाल्यावर म्हणा.

आता मुकाट्याने ऐकायचं. आईचा दुसरा डोळा फेब्रुवारीतच करून घ्या, उन्हाळ्याची वाट बघू नका. दादाला मी तारीख घ्यायला सांगितलंय, तो विसरेल, तुम्ही आठवण करा. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आठवड्याची डबी रविवारी भरायची आणि मला फोटो पाठवायचा. गच्चीच्या जिन्याला दुसरा कठडा लावून घ्या, पैसे पाठवलेत, ते बँकेत ठेवायला नाहीत. आई, पाण्याची कळशी उचलायची नाही म्हणजे नाही. मिरजेच्या वेळेसारखं माझ्यापासून काही लपवू नका. मी लांब आहे, लहान नाही.

गणपतीला जमणार नाही. १४ सप्टेंबर म्हणजे मुलांचा हंगाम नुकता संपलेला असेल, आणि पुढच्या वर्षीच्या निवडीचे ते दिवस. आरतीला फोन उभा करून ठेवा, मी इथून टाळ वाजवेन, मोदकांचं बघू. दिवाळीला मात्र नक्की, ८ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन घरी. तिकीट मार्चमध्येच काढते, म्हणजे माझंही मन बदलायला नको. आई, तेव्हा माझ्या केसांना तेल लाव. इथे कोणाला येत नाही ते.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, आखणी झाल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. १०० बाय ६८ ला १२० मीटर ९३ सेंटीमीटर आला पाहिजे. मी दोनदा केलंय, तरी तुमच्या वहीत एकदा करून बघा. आणि माळ्यावरची जुनी पन्नास मीटरची टेप गंजली नसेल तर दादाला ती कुणाला देऊन टाकू देऊ नका, दिवाळीत मी घेऊन जाते.