स्वस्त रुईचा हिशेब दोन रकान्यांत मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदेशी रुईवरचे (रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस) 11 टक्के आयातशुल्क 19 ऑगस्ट 2025 रोजी उठले आणि त्या माफीची मुदत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढली. त्याचे समर्थन करताना आपल्या अग्रलेखात इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचा दाखला आला. ज्या देशाला जे तुलनेने स्वस्तात जमते ते त्याने पिकवावे, बाकीचे विकत घ्यावे, यात सगळ्यांचेच भले, असा एकूण सूर होता. हिंगणघाटच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी हयातभर दिवाणजी होतो. आकडे दिसले की दोन्ही बाजूंची बेरीज केल्याशिवाय मला राहवत नाही.

रिकार्डोचे गणित बरोबर आहे, हे आधीच कबूल करतो. त्याने 1817 मध्ये मांडलेले उदाहरण असे: कापडाचा ठरावीक माल काढायला इंग्लंडला वर्षभर 100 माणसे लागतात आणि वाइनच्या मालाला 120. पोर्तुगालला त्याच कामांना 90 आणि 80 पुरतात. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही इंग्लंडने नुसते कापड विणले, पोर्तुगालने नुसती वाइन गाळली आणि मालाची अदलाबदल केली, तर इंग्लंडची 20 माणसांची मेहनत वाचते आणि पोर्तुगालची 10 जणांची. यात खोट काढायला जागा नाही. माझी शंका खर्चाच्या रकान्याची आहे. वाइनचे काम सुटलेली ती 120 माणसे कापडाच्या मागावर कधी आणि कोणाच्या पैशाने जाऊन बसली? पुस्तकात ती एका ओळीत पलीकडे जातात.

आता आपल्याकडे या. माझा भाचा इचलकरंजीत यंत्रमाग चालवतो. शुल्क उठल्यावर त्याचा फोन आला. "मामा, सूत उतरलं तरच माझे माग फिरतील, नाहीतर कामगार गावाकडे निघालेत." त्याचे काही चुकत नाही. त्याच महिन्यात, 27 ऑगस्टपासून, अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के कर लावला. कपड्यांच्या ऑर्डरी अडकल्या, तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या कपडे-कारखान्यांपासून सगळी साखळी हादरली. अशा वेळी गिरणीला बाहेरच्या भावात रुई मिळावी ही मागणी रास्तच होती. शिवाय बाहेरची गाठ स्वच्छ येते. आपल्या गाठीत पालापाचोळा, सुतळी, पोत्याचे धागे निघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. ब्राझीलचा शेतकरी हेक्टरी आपल्या तिपटीहून जास्त रुई काढतो. तेव्हा देशी तेवढे चांगले, अशी घोषणाबाजी करायला हे पत्र नाही.

जमेचा रकाना असा भरलेला आहे. अग्रलेख तिथेच थांबतो.

दुसऱ्या रकान्यासाठी तारखा बघा. वऱ्हाडात आणि वर्धा-यवतमाळकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, लागते मृगाच्या पावसावर, जूनमध्ये. बियाण्याच्या पिशव्या, खत, सावकार, सोसायटी हे सगळे तेव्हाच ठरते. त्या वेळी सरकारने 7710 रुपयांचा हमीभाव जाहीर केलेला होता आणि 11 टक्के शुल्कही लागू होते. शेतकऱ्याने त्या कागदावर पैसा मातीत घातला. शुल्क उठले ते पऱ्हाटी पात्या-फुलांवर असताना. तेव्हा ती उपटून दुसरे काही पेरता येत नाही. आणि माफी वाढली ती नेमकी ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे लहान शेतकऱ्याचा पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा माल विकायच्या महिन्यांत. मोठा शेतकरी कापूस घरात भरून फेब्रुवारीची वाट पाहतो. ज्याला दिवाळी, वेचणीची मजुरी आणि उधारी एकदम निपटायची असते, त्याला वाट पाहणे परवडत नाही.

जिनिंगचा साधा हिशेब सांगतो. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, 64 किलो सरकी, बाकी घट. रुई खंडीवर विकली जाते. खंडी म्हणजे 356 किलो. खंडीमागे 1000 रुपये उतरले की कापसाच्या क्विंटलमागे 95 रुपये जातात. जिनिंगवाला ते स्वतःच्या खिशातून घालत नाही, घालूही शकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकावरचा भाव खाली आणतो. मी स्वतः तो भाव फळ्यावर लिहिलेला आहे.

पण शहरातले विद्वान एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे सरकी. वजनाने कापसाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग तोच. सरकीचे तेल निघते, ढेप निघते, आणि त्या तेलाचा भाव पामतेलाच्या मागे धावतो. 30 मे 2025 रोजी कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आले. सरकी किलोमागे एक रुपया उतरली, की क्विंटलमागे आणखी 64 रुपये गेले. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या एकाच गाडीवर दोन आयातींची कात्री चालते, आणि चर्चा मात्र एकाच पात्याची होते.

मग सल्ला येतो: कापूस परवडत नाही तर पीक बदला. रिकार्डोचे तुलनात्मक लाभाचे तत्त्वही हेच सांगते. पण कोरडवाहू काळ्या मातीत कापसाला पर्याय दोनच, सोयाबीन आणि तूर. सोयाबीनचे तेलशुल्क वर सांगितलेच. 2024 मध्ये हमीभाव 4892 होता आणि बाजारात सोयाबीन त्याखाली विकले गेले. तुरीची आयातही 2025 मध्ये शुल्कमुक्त होती. डाळीत तुरीला स्वस्त पर्याय ठरणाऱ्या पिवळ्या वाटाण्यावर डिसेंबर 2023 पासून जवळपास दोन वर्षे शुल्क नव्हते. म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर अशा ज्या तिन्ही घरांत हा माणूस राहू शकतो, त्या तिन्ही घरांचे छप्पर ग्राहकाच्या सोयीसाठी काढलेले. विहिरीला पाणी असणारा संत्रा लावतो. ज्याच्याकडे ते नाही, तो मुलाला पुण्याला पाठवतो.

हमीभाव आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि भारतीय कापूस महामंडळाने 2024-25 च्या हंगामात मोठी खरेदी केली हेही खरे. पण पूर्ण भावाला ओलावा 8 टक्क्यांच्या आत लागतो, त्यापुढे 12 पर्यंत कपात आणि 12 च्या वर माल परत. आमच्याकडे परतीचा पाऊस लांबला की पहिल्या वेचणीच्या कापसात हात घातला तरी गारवा लागतो. यंत्राची पट्टी गाडीत खुपसतात, काटा 14 दाखवतो. "वापस न्याले भाडं कोन देईन, दिवानजी?" हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला आहे की तो कोणाचा म्हणून सांगू? उत्तर खाजगी व्यापारी देत असे, हमीभावाच्या कितीतरी खाली.

बाहेरची रुई स्वस्त पडते ती केवळ तिथल्या शेतीच्या हुशारीने, असेही समजू नये. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदाने देते म्हणून ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली आणि जिंकली. शेवटी 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊन तो तंटा मिटला. झळ बसलेल्याला पैसे मिळतात ते असे, मागे सरकार उभे असले तर. अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणतात, व्यापारात जिंकणाऱ्याचा नफा एवढा असतो की त्यातून हरणाऱ्याची भरपाई करूनही काही उरते. बरोबर असेल. मी हयातभर व्हाउचर पाहिल्याशिवाय रक्कम खर्ची टाकली नाही. या भरपाईचे व्हाउचर कुठे आहे?

हिंगणघाटचा बनी कापूस एके काळी नावाजलेला होता. अमेरिकेतल्या यादवीने 1861 ते 1865 तिकडची रुई बंद पडली तेव्हा इकडे सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच कोसळला. मुंबईत त्या तेजीच्या पैशाची खूण राजाबाई टॉवरच्या रूपाने उभी आहे, प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून. आमच्या भागात काय उभे राहिले, ते शोधावे लागते.

शुल्क कायम चढे ठेवा, अशी माझी मागणी नाही. भाच्याचे माग बंद पडले तर कापूस तरी कोण घेणार? मागणी एवढीच की हंगामाचे शुल्क मृगाआधी, मे महिन्यात जाहीर करा आणि तो माल विकला जाईपर्यंत त्याला हात लावू नका. अडचण आलीच आणि मध्ये उठवावे लागले, तर त्या तारखेनंतर विकलेल्या कापसाला भावातला फरक द्या. गिरण्यांचे किती शुल्क वाचले याची नोंद सरकारच्याच सीमाशुल्क खात्याकडे खेपेगणिक असते, तेव्हा रक्कम काढणे अवघड नाही. आणि तो फरक केवळ सातबारा पाहून देऊ नका. आमच्या भागात पुष्कळ पऱ्हाटी ठेक्याने, म्हणजे दुसऱ्याची जमीन पैसे देऊन कसायला घेऊन, केलेली असते. सातबारा नागपुरात राहणाऱ्या मालकाचा, आणि खत-फवारणीची उधारी ठेकेदाराच्या नावावर. पैसे मालकाच्या खात्यात गेले तर ठेकेदाराला ते मागताही येणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, हिंगणघाट (जि. वर्धा)
(नाव छापू नये, ही विनंती.)