त्या केशरी दोरासाठी

कुंभार गल्ली, शाहूपुरी,
कोल्हापूर

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. पुराच्या छावणीत एकदा कुणीतरी तुमचा फोटो काढायला आलं होतं, तेव्हा तुम्ही पाठ फिरवून ब्लँकेटं मोजायला लागला होतात, ते मला आठवतंय. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले मामा, एवढं म्हटलं की आमच्या गल्लीत कुणालाही कळतं.

गेल्या रविवारी पुरातून माणसं काढायला शिकणाऱ्या नव्या पोरापोरींचा पहिला वर्ग झाला. तुम्ही समोर नसताना झालेला हा पहिलाच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही गावी राहायला गेलात आणि शिकवायची पाळी माझ्यावर आली. दोर हातात घेऊन उभी राहिले आणि तोंडातून तुमचंच वाक्य आलं, "पाण्यात कसं उतरायचं ते मी शिकवणार नाही. न उतरता माणूस कसा काढायचा, ते शिकवणार आहे." पोरं गप्प झाली. आम्हीही अशीच गप्प झालो होतो. घरी आल्यावर लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत आम्ही तुमचे आभार कधी धड मानलेच नाहीत. दरवर्षी शाडूचा एक गणपती तुमच्या घरी पोचवतो, तेवढंच. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण पाणी येतं अशा दुसऱ्या गल्ल्यांनीही ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

२०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली. आमच्याकडं नदी समोरून चालत येत नाही. जयंती नाला मागं फुगतो आणि पाणी गटारातून, मोरीतून घरात उगवतं. गणपती २ सप्टेंबरला होते. घराघरांत मूर्ती उभ्या, काही रंगून झालेल्या, काहींची डोळ्यांची आखणी राहिलेली. ती आखणी माझ्याकडं असते. शाडूच्या मूर्तीला पाणी लागलं की ती पायापासून बसत जाते. ज्यानं ते पाहिलंय त्यालाच कळेल, की माणसं अशा वेळी जिवाची पर्वा का करत नाहीत.

माझा पुतण्या तेव्हा वीस वर्षांचा. कमरेला नायलॉनचा दोर बांधून तो छातीभर पाण्यातून मूर्तींच्या कारखान्याकडं निघाला. दुसरं टोक आम्ही चौघांनी धरलं होतं. दोर आहे म्हणजे भीती नाही, असं आम्हाला वाटत होतं. कोपऱ्यावर ओढ लागली, तो आडवा झाला, आणि आम्ही घाबरून जेवढं ओढलं तेवढा तो पाण्याखाली गेला. दोर विजेच्या खांबाला अडकला होता. शेजारच्या एकानं कोयत्यानं तो तोडला, पोरगा वाहत जाऊन पुढच्या कठड्याला लागला, म्हणून आज आहे.

दोन दिवसांनी शाळेतल्या छावणीत तुम्हाला त्याच्या कमरेवरचा काळानिळा वळ दिसला. "ह्यो वळ कशाचा रं?" त्यानं सांगितलं. तुम्ही त्याला बोल लावला नाहीत. खिशातून सुतळी काढलीत, तिला बाटलीचं बूच बांधलंत आणि शाळेच्या पन्हळीतून वाहणाऱ्या पाण्यात सोडलंत. सुतळी ताणून धरली की बूच पाण्याखाली जायचं, सोडली की वर यायचं. तीनदा दाखवलंत. मी तिथंच उभी होते, माझ्या तळहातांवर दोराचे चट्टे होते. आपण त्याला वाचवत नव्हतो, दाबत होतो, हे मला त्या बुचानं सांगितलं.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. सोडवायला आलेल्या बोटीतच माणसं गेली. बातमी छावणीत आली तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "धाडस कमी न्हाई आपल्याकडं. जाकिटं कमी हाईत, आनि माणसं मोजून बसवायची शिस्त." शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद होती. एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं आपत्ती दल आलं, नौदल आलं, त्यांनी जिवाचं रान केलं. पण कोल्हापूर आणि सांगली, अख्खे दोन जिल्हे एकाच वेळी हाका मारत होते. पहिले काही तास शेजाऱ्याला शेजारीच असतो, हे तुम्ही किल्लारीत पाहिलं होतं. १९९३ च्या भूकंपात स्वयंसेवक म्हणून तुम्ही तिथं गेलात, तेव्हा गावकऱ्यांनी हातांनी दगड उपसून आपली माणसं आधीच काढायला घेतली होती. "त्यांच्या हातात नुसती एक पहार असती तर," असं म्हणून तुम्ही थांबायचा. पुढचं वाक्य तुम्ही कधीच पुरं केलं नाही.

गणपती झाल्यावर तुम्ही दर रविवारी यायला लागलात. सकाळी सात ते नऊ, स्वतःच्या स्कूटरवरून, पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत. पहिल्या रविवारी मी चहाचा ट्रे घेऊन आले. "ताई, च्या र्‍हाऊ दे, हे टोक धरा," म्हणालात. त्या दिवशी माझ्याबरोबर आणखी सहा बायका ट्रे खाली ठेवून रांगेत उभ्या राहिल्या. गल्लीतले पुरुष दिवसा बाजारात, मातीला, भट्टीला गेलेले असतात. दुपारी पाणी चढलं तर घरात आम्हीच असतो, हे तुमच्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आमच्यासुद्धा.

सामान घ्यायची वेळ आली तेव्हा मंडळानं साऊंडसाठी राखलेली वर्गणी काढली. पोरांनी बाजारातून दोन दोर आणले. तुम्ही दोन्ही आमच्या मातीच्या हौदात टाकलेत. पांढरा नायलॉनचा तळाला गेला, केशरी पॉलिप्रॉपिलीनचा वर तरंगत राहिला. बुडणाऱ्याला दिसेल आणि हाताला लागेल तो आपला दोर, दुसरा परत करा. जाकिटं आली तेव्हा एकेकाची शिवण ओढून पाहिलीत, शिट्टी आहे का पाहिलंत, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा नसलेली सगळी परत पाठवलीत. तो पट्टा नसेल तर पाण्यात जाकीट डोक्यावर सरकतं आणि माणूस खालून निसटतो. दुकानदार पोरांवर चिडला. तुम्ही स्वतः गेलात आणि बारा जाकिटं बदलून आणलीत. त्या दिवशी तुमच्या घरी पाहुणे होते, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

मग ते चाकाचं. बुडालेल्या माणसाला कुंभाराच्या चाकावर पालथं घालून फिरवायचं, पोटातलं पाणी निघतं, हे आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. माझे सासरे ते छातीठोकपणे सांगायचे, त्यांच्या आजोबांनी एकाला तसं वाचवल्याचंही सांगायचे. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर खोडलं नाहीत. त्यांच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "अण्णा, पाणी पोटात गेलं तर माणूस मरत न्हाई. श्वास थांबला तर मरतो. चाक फिरेपर्यंत तेवढी मिनिटं जात्यात." बुडालेल्याला आधी तोंडानं श्वास, मग छातीवर दाब, ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, निदान दोन इंच खोल. शिकायला बाहुला नव्हता. तो सासऱ्यांनीच केला. पोत्यात भुस्सा, छातीच्या जागी स्कूटरची ट्यूब, आणि वर शाडूचं डोकं, त्याला नाक आणि उघडं तोंड. दाबाचा ठेका चुकू नये म्हणून एक पोरगा बाजूला हलगी वाजवायचा. त्या बाहुल्याचं डोकं आजवर चार वेळा नवं केलंय. बाहुला तोच आहे.

मामा, ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती मात्र वहीची आहे.

पुराच्या वेळी आमच्याकडं जो आला तो एकच सांगायचा, मूर्ती सोडा, जीव वाचवा. बरोबरच होतं त्यांचं. पण वर्षाची भाकरी त्या मूर्तींत असते. उसनं आणलेल्या रंगाचे पैसे त्यांत असतात. सोडा म्हटल्यानं कुणी सोडत नाही, आणि न सोडणाऱ्याला मूर्ख म्हणून माणसं निघून जातात. तुम्ही दोनशे पानी वही काढलीत. पहिल्या भागात घराघरातली माणसं लिहून घेतलीत. कुणाला चालता येत नाही, कुणाचं इन्शुलिन फ्रीजमध्ये असतं, कुणाला कितवा महिना, कुणाकडं म्हैस. दुसऱ्या भागात मूर्ती. कुठल्या घरात किती, किती फुटी, कच्च्या किती, आणि त्या कुणाच्या माडीवर किंवा कुठल्या हॉलमध्ये जातील. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की वही बाहेर काढायची. बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की मूर्ती हलवायच्या. ४३ ला एकही मूर्ती हातात धरायची नाही, फक्त माणसं. "मूर्तीची येळ वायली, माणसाची येळ वायली. दोन्ही एका येळंला आल्या की माणूस जातो," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर रंगाच्या ब्रशनं लिहिलंय. आमच्या धंद्याला तुम्ही अडचण मानलं नाहीत, त्याला योजनेत जागा दिलीत. एवढा मान आम्हाला पुराच्या नावानं आलेल्या दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

२०२१ च्या जुलैत पाणी आलं ते २०१९ पेक्षा झपाट्यानं आणि ५६ फुटांच्याही वर. तुम्ही तेव्हा ताप येऊन घरी होतात, करोनाचे दिवस, तुम्हाला येऊ नका म्हणून आम्हीच शपथ घातली होती. त्यामुळं तुम्ही जे पाहिलं नाहीत ते नीट सांगते. वही उघडली. सगळ्यांत आधी ज्या घरात ऑक्सिजनचं मशीन होतं ते घर हलवलं, कारण वीज जाणार हे ठरलेलं. मग नवव्या महिन्यातली लेक. दोन बांबू आणि ब्लँकेट यांचं स्ट्रेचर तुम्ही शिकवलेल्या घडीनं केलं, आणि आम्ही चार बायकांनी एका आजींना त्यावरून नेलं. त्या घाबरल्या नाहीत, उलट वाटेत आम्हालाच सांगत होत्या, की सरावाला त्या दोनदा त्यावर निजल्यात. मूर्ती सगळ्या वाचल्या नाहीत. वेळ कमी पडला, तिसरा हिस्सा तरी गेला. पण धोका पातळी आली तेव्हा सासरे स्वतः चप्पल घालून दारात उभे होते. २०१९ ला त्यांना ओढून काढावं लागलं होतं. "चला, जमलं तेवढं वर गेलंय," म्हणाले.

संध्याकाळी एक दूधवाला मोटारसायकलसकट कोपऱ्यावर वाहायला लागला, तिथंच, जिथं आमचा पोरगा आडवा झाला होता. गाडी गेली, तो फाटकाला धरून राहिला. आमच्यातला एकही जण पाण्यात उतरला नाही. बांबू पुरला नाही. पुतण्यानं फेकायच्या दोराची पिशवी घेतली, पाय फाकवून उभा राहिला, दोर हाताला गुंडाळला नाही. पहिली फेक अलीकडं पडली. दुसरी वाऱ्यानं नेली. मागून कुणीतरी ओरडलं, उतर की रे! त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही, दोर पुन्हा गोळा केला. तिसरी फेक माणसाच्या पलीकडं, डोक्यावरून गेली, आणि तो केशरी दोर पाण्यावर तरंगत त्याच्या हाताशी आला. ओढलं नाही, मामा. नुसतं धरून ठेवलं, आणि प्रवाहानंच त्याला काठाला आणून लावलं, अगदी तुम्ही हौदात लाकडाचा ठोकळा आणून दाखवायचात तसं. पुतण्या त्या रात्री जेवला नाही. कमरेवर हात ठेवून बसला होता.

नंतर तुमच्याच आग्रहावरून तो आपदा मित्रांच्या, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या सरकारी स्वयंसेवकांच्या, बारा दिवसांच्या शिबिराला गेला. हेल्मेट, जाकीट, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी असं किट घेऊन आला आणि ते पहिल्यांदा तुमच्या पायाशी ठेवून मग घरात आणलं. २०२४ च्या जुलैत नदीनं पुन्हा धोका पातळी ओलांडली तेव्हा वही त्याच्याच हातात होती.

आभार कसे मानायचे ते मला येत नाही. तुम्ही दिलेल्या रविवारांचा हिशेब मी करू शकत नाही. तुमच्या घरच्यांचेही आभार, वहिनींचे विशेष, कारण ते रविवार त्यांचे होते.

वर्ग झाल्यावर दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत घातलाय, ऊन लागू दिलं नाही. फक्त एक अडचण आहे. त्या पहिल्या केशरी दोराचे मधोमध एका जागी धागे उसवलेत. उसवलेला दोर कापून बाद करायचा, कुणी चुकूनही वापरू नये, हा तुमचाच नियम, आणि नवा दोर आम्ही आणलाय. पण जुन्यावर विळा चालवायला गल्लीत कुणाचा हात होत नाही. येत्या रविवारी पुतण्या गाडी घेऊन तुमच्या दारात येईल. पाय वर करून बसायला खुर्ची तयार ठेवलीय. तो दोर तुम्हीच येऊन कापा.

तुमची,
टोक धरलेली ताई