‘ठाण्याचं मॅनहॅटन’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,

घोडबंदर रोडवरच्या टॉवरची जाहिरात असो की बातमी, ‘मॅनहॅटनसारखी स्कायलाइन’ हे शब्द हल्ली ठरलेलेच. तुलना जरूर करावी, पण नेमकं काय मोजायचं ते आधी ठरवावं.

घोळ उंचीपासूनच सुरू होतो. न्यू यॉर्कचं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर ५४१ मीटर, शिकागोचा विलिस टॉवर ४४२. पण पहिल्याच्या आकड्यात गच्चीवरचा सुमारे १२४ मीटरचा सुळका धरलेला आहे. गच्ची ४१७ मीटरवरच संपते, म्हणजे विलिसपेक्षा २५ मीटर खाली. सुळका इमारतीचा भाग मानायचा आणि अँटेना मानायची नाही, या नियमावर २०१३ साली निवाडा झाला आणि अमेरिकेतल्या सर्वांत उंच इमारतीचा शिकागोचा मान गेला. शिकागोकर अजून कुरकुरतात, आणि मला ते पटतं. आपल्याकडे हाच खेळ खालच्या टोकाला चालतो: पार्किंगच्या पोडियमचे पाच-सहा मजले धरायचे, कुठे तेरावा आकडा गाळायचा आणि ‘५० मजली’ म्हणायचं. बातमीत जमिनीपासून गच्चीपर्यंतचे मीटर छापले तर निम्मा गोंधळ मिटेल.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. विलिस टॉवर म्हणजे सुमारे २३ मीटर बाजूच्या नऊ चौकोनी नळ्यांची मोळी. दोन नळ्या ५०व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६व्या, तीन ९०व्या. उरलेल्या दोनच माथ्यापर्यंत जातात. फजलुर रहमान खान या मूळच्या ढाक्याच्या इंजिनीअरची ही रचना. इमारतीच्या कडेने वारा सुटतो तेव्हा भोवरे आलटून पालटून दोन्ही बाजूंना तयार होतात आणि ती वाऱ्याला आडवी झुलते. वर जाताना आकार बदलत गेला की भोवऱ्यांची लय जमत नाही. मॅनहॅटनमधल्या ४३२ पार्क अव्हेन्यूला आकार बदलता आला नाही, म्हणून दर १२ मजल्यांनी दोन मजले वारा आरपार जायला मोकळे ठेवले. ५७व्या रस्त्यावरचा ४३५ मीटरचा टॉवर जेमतेम १८ मीटर रुंद. झुलणं आवरायला त्याच्या डोक्यावर उलट झोका मारणारं ८०० टनांचं वजन बसवावं लागलं.

आपले टॉवर एवढे सडपातळ नाहीत. पण भारतीय मानकानुसार उंची ही कमीत कमी रुंदीच्या पाचपटीहून जास्त झाली की वाऱ्याचा गतिक परिणाम, म्हणजे वाऱ्याने इमारत किती झुलते, ते तपासावं लागतं. १५० मीटर उंच आणि २० मीटर रुंद विंग साडेसातपट होते. त्यात एकाच प्लॉटवर चार विंग ओळीने उभ्या, म्हणजे पुढचीने ढवळलेला वारा मागचीवर आदळणार. म्हणून विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या चाचणी-बोगद्यात, एका विंगचं मॉडेल ठेवून भागत नाही. सगळे टप्पे आणि शेजारचे टॉवरही मांडावे लागतात.

तिसरी गोष्ट जमीन, आणि नवी मुंबईसाठी सगळ्यात महत्त्वाची. इथे मॅनहॅटनपेक्षा सॅन फ्रान्सिस्को जवळचं. तिथला ५८ मजली मिलेनियम टॉवर काँक्रीटचा, म्हणून वजनदार. त्याचे पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेले खांब, खडकापर्यंत नेलेच नव्हते, वाळूच्या घट्ट थरात थांबवले. त्या थराखाली जुनी खाडीची चिकणमाती. ती दबत गेली, २०१६ पर्यंत इमारत सुमारे ४० सेंटिमीटर खचली आणि एका अंगाला कलली. दुरुस्तीत कडेने खडकापर्यंत ५२ पाइल घालायचे ठरलं. पण ते घालतानाच कल वाढला, काम थांबवावं लागलं आणि अखेर १८ पाइलवर आटोपलं. शेजारच्या सेल्सफोर्स टॉवरचे पाइल मात्र खडकात टेकलेले आहेत.

येऊरच्या पायथ्याशी थोडा मुरूम काढला की बेसॉल्ट लागतो. बाळकूम-कोलशेतची खाडीकडची बाजू, पाम बीच रोड, उलवे इथे आधी भराव, मग काळा चिखल, मग कुजका खडक आणि त्याखाली पक्का. पाइल पक्क्या खडकात रुतवले तर टॉवर हलत नाही. हलतो तो भराव. खालचा चिखल दबतो, वरची माती बसते आणि जाता जाता पाइललाही खाली ओढते. हा ओढा हिशेबात नसेल तर पाइलवर ठरल्यापेक्षा जास्त भार येतो. रहिवाशाला दिसतं ते वेगळंच: लॉबीच्या पायरीपासून पेव्हर चार बोटं खाली गेलेले, आणि ड्रेनेजचा पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथेच तुटलेला.

त्यामुळे खाडीकाठी बुकिंग करणाऱ्याने भूगर्भ तपासणीचा अहवाल मागावा. पाइल किती खोल आहेत आणि त्यातले किती मीटर खडकात, हे दोन आकडे त्यात पाहावेत. सॅम्पल फ्लॅट पाहून झाला की आवारातही एक फेरी मारावी आणि पाण्याचे, सांडपाण्याचे पाइप प्लिंथबाहेर (जोत्याबाहेर) येतात तिथे लवचीक सांधा दिलाय की थेट सिमेंटमध्ये गाडलेत, ते वाकून बघावं.

– एक स्ट्रक्चरल इंजिनीअर, ठाणे (प.)