वहीतली सोळावी ओळ

आदरणीय सुभेदार साहेब,

सप्रेम नमस्कार.

8 मे 2021 रोजी बेंगळुरूच्या सैनिकी पोलीस केंद्रातून महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या 83 जणींत आमची थोरली होती. कोरोनामुळे आम्हांला तिकडे जाता आले नाही. मोबाईलवर तिचा फोटो पाहून तिची आई रडत होती आणि मला राहून राहून तुमची लाल पुठ्ठ्याची वही आठवत होती.

2019 मध्ये सैनिकी पोलिसांत जवान म्हणून मुलींची भरती प्रथमच निघाली, तेव्हा शहरातल्या एका प्रशिक्षकाने "मुलगी मैदानात आली की पोरांचे लक्ष उडते" असे सांगून आम्हांला वाटेला लावले होते. दुसऱ्याने फी घेतली आणि तिला पंधरा दिवस मुलांच्या चपला राखायला कडेला उभे केले. (ती फी अजून परत आलेली नाही.)

तुम्ही मात्र खानापूरच्या माळावर पहिल्याच पहाटे पंधरा मुलांच्या खाली, सोळाव्या ओळीत, तिचे नाव लिहिलेत आणि इतरांसारखीच तिलाही आडनावाने हाक मारलीत. मुले पावणेसहा मिनिटांत सोळाशे मीटर संपवायची, ही नऊ मिनिटांनी धापा टाकत यायची. तोवर तुम्ही घड्याळ हातात धरून रेषेवर उभे असायचात आणि तिची वेळही त्याच खणखणीत आवाजात, आधी मराठीत व मग कित्तूरकडच्या पोरांसाठी कन्नडमध्ये, पुकारायचात. शेवटचा गडी येईपर्यंत कोणी बसायचे नाही, हा तुमचा नियम. पोरे आधी कुरकुरली. महिन्याभराने त्यांतलीच दोघे-तिघे मागे वळून शेवटची फेरी तिच्यासोबत धावू लागली. ऑगस्टमध्ये बेळगावच्या भरतीत, भर पावसाळ्यात, ती साडेसात मिनिटांच्या आत पोहोचली.

ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत तुमची 28 वर्षे गेली, तिथल्या जवानांत एकही बाई नव्हती. तरीही मुलीला कसे वागवावे, हे तुम्हाला कोणाला विचारावे लागले नाही. हाताखालच्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची, एवढेच तुम्ही केलेत. आणि तेवढे करणारा माणूस शोधायला आम्हांला चार महिने लागले होते.

धाकटी यंदा नववीत गेली आहे. वही भरली नसेल, तर तिच्यासाठी एक ओळ राखून ठेवावी, ही विनंती.

आपला ऋणी,
थोरलीचा बाप