शाळा समितीतील एका जागेसाठी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक म्हणून मी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. चोपडा, यावल आणि पारोळा या तीन तालुक्यांत नोकरी केली आणि आता पारोळा तालुक्यातील माझ्या मूळ गावी राहतो. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मुदत संपत आली असून, नव्या समितीतील शिक्षणतज्ज्ञाच्या जागेसाठी मी माझे नाव पालकांपुढे ठेवले आहे. ही बातमी पसरल्यावर गावात जे प्रश्न विचारले गेले, ते प्रत्येक गावात विचारले जावेत असे मला वाटते, म्हणून आपल्या पत्रातून त्यांची उत्तरे देण्याची परवानगी मागतो.

पहिला प्रश्न असा की, ही जागा आहे तरी कशाची? बऱ्याच पालकांना समितीचा अध्यक्ष ठाऊक असतो, मुख्याध्यापक हे तिचे सचिव असतात हेही ठाऊक असते, परंतु शिक्षणतज्ज्ञाची जागा पालकांनी निवडून भरायची असते, हे मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांपैकी बहुतेकांना नवीन होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे बारा जणांच्या समितीत नऊ पालक आणि उरलेल्या तीन जागांवर एक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी, एक शिक्षक आणि एक शिक्षणतज्ज्ञ असतो. ग्रामपंचायतीचा सदस्य ग्रामपंचायत ठरवते, शिक्षकांचा प्रतिनिधी शिक्षक ठरवतात, मात्र शिक्षणतज्ज्ञ कोण हे पालकांनी ठरवायचे असते. तीच ही जागा.

आमच्याकडचे वयस्कर लोक जिल्हा परिषदेच्या शाळेला अजूनही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. त्या नावामागे इतिहास आहे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे दिला, १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे आली, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्या शाळा परिषदेच्या शिक्षण समितीखाली गेल्या. पुढे नगरपालिकांची स्वतंत्र शिक्षण मंडळेही बंद झाली. शाळा कोणी पाहायची याचा निर्णय असा गावापासून दूर दूर जात राहिला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायद्याने त्यातला थोडासा, पण खरा वाटा पालकांच्या हाती परत दिला. मार्च २०२२ मध्ये जळगाव जिल्हा परिषदेची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा तर शाळेचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी लोकांनी निवडलेली अशी गावातली ही समितीच काय ती उरली. तरीही आपण तिची निवड रजिस्टरवरच्या सह्यांनी उरकतो.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. मुख्याध्यापक असताना एका वर्षी मीही तेच केले. पालकसभेची सूचना काढली, ठरल्या दिवशी सात-आठ माणसे आली, कोरम होईना, आणि वरून समिती तातडीने गठित करून कळवण्याचा निरोप होता. मी शिपायाच्या हाती रजिस्टर देऊन ते घरोघर फिरवले. ज्या बायांनी अंगठे उठवले त्यांतल्या एकीला आपण समितीच्या सदस्य आहोत हे दीड वर्षाने, तिच्या मुलाच्या दाखल्यासाठी ती शाळेत आली तेव्हा कळले. ती माझ्यावर रागावली नाही, नुसती म्हणाली, “गुरुजी, सांगितलं असतं तर आले असते.” ते वाक्य आजही माझ्या मनातून जात नाही. मी या जागेसाठी नाव दिले त्याचे एक कारण ती बाई आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो शाळेतल्या सध्याच्या शिक्षकांच्या मनात आहे, जरी त्यांनी तो मोकळेपणाने विचारलेला नाही. निवृत्त मुख्याध्यापक समितीत आला तर तो रोज शाळेत येऊन बसेल, आमच्या पाठांच्या टाचणवह्या पाहील, आमच्या काळी असे नव्हते म्हणून ऐकवील आणि केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, एक असताना गावात दुसरा साहेब तयार होईल, ही त्यांची भीती आहे. ती खोटी नाही, कारण असे घडलेले मी स्वतः पाहिले आहे. म्हणून मी लेखी सांगतो की, वर्ग चालू असताना मी शिक्षकांनी बोलावल्याशिवाय वर्गात पाऊल टाकणार नाही. शिकवणे कसे चालले आहे हे तपासण्यासाठी अधिकारी आहेत. समितीचे काम शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे हे आहे. त्याच कायद्याचे कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचे काम यांखेरीज अशैक्षणिक काम देण्यास मनाई करते. शिक्षकांना वर्गातून ओढून भलत्याच कामाला लावले जात असेल तर समितीने त्यांच्या बाजूने ठराव करावा, आणि तो ठराव लिहायला मी पहिला बसेन.

तिसरी शंका राजकारणाची. समितीच्या अध्यक्षपदासाठी गावात गट-तट पडतात, कारण शाळेच्या खात्याच्या व्यवहारावर अध्यक्षांची सही लागते. शिक्षणतज्ज्ञाच्या जागेवर मग अध्यक्ष होऊ इच्छिणाऱ्याचा माणूस बसवला जातो. निवृत्त माणूस इथून ग्रामपंचायतीकडे आणि तिथून जिल्हा परिषदेच्या जागेकडे वाट काढतो असेही म्हणतात. मी ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद लढवणार नाही. हे मी चावडीवर सांगितले आहे आणि इथेही लिहून देतो. त्याचप्रमाणे जुलै २०२३ मध्ये शासनाने रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर घेण्याचे ठरवले, त्या वाटेनेही मी शाळेत येऊ इच्छित नाही. माझे निवृत्तिवेतन चालू आहे आणि आमच्या गावातच डी.एड. होऊन शेतात कामाला जाणारी मुले-मुली आहेत. शाळेत शिक्षक हवा असेल तर त्या तरुणांना बोलवावे, अशी माझी मागणी राहील.

आता ज्या मुद्द्यासाठी मी खरोखर हे पत्र लिहायला बसलो, त्याकडे येतो. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो. तो तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार व्हावा अशी अपेक्षा असते. हा काळ खानदेशात कोणता असतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दिवाळी उलटलेली असते, कापसाची वेचणी चालू असते, वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने घरातली बाई उजाडताच शेतात जाते आणि हाताशी येईल ते पोर बरोबर नेते. भिलाटीतली, म्हणजे भिल्ल वस्तीतली, कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघून गेलेली असतात. यावल-रावेरकडे तापीकाठी केळीची कामे तर बारमाही. अशा दिवसांत शाळा सकाळी अकराला सभा बोलावते आणि मग पालक उदासीन आहेत असा शेरा इतिवृत्तात पडतो. परिणामी आराखडा मागच्या वर्षीचा समोर ठेवून उतरवला जातो. मी अनेक वर्षे तो तसाच उतरवलेला आहे, म्हणून खात्रीने सांगतो की त्यात भिंतीचा रंग असतो, फळा असतो, कुंपण असते, पण वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहणाऱ्या मुलांचे काय करायचे याची एक ओळही नसते.

ती ओळ कोणी लिहायची? जिचे मूल गैरहजर असते त्या आईने. कायद्यात दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात समितीत स्थान देण्याची तरतूद आहे. आमच्या शाळेच्या पटावर भिलाटीतली मुले मोठ्या संख्येने आहेत, परंतु समितीच्या बैठकीत तिथली एखादी आई बोलली असे मला आठवत नाही. तिला बोलण्याची इच्छा नसते असे नाही. बैठकीची वेळ तिची नसते, भाषा तिची नसते आणि समोर ठेवलेला कागद तिला कोणी वाचून दाखवत नाही. शिक्षणतज्ज्ञ या शब्दाचा अर्थ मी माझ्यापुरता इतकाच करतो की, हा कागद जो वाचून आणि समजावून सांगू शकेल, तो माणूस.

कागद म्हणजे काय, तेही सांगतो. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळते, ज्या शाळेचा पट १०० च्या आत पण ३० च्या वर आहे तिला वर्षाला २५,००० रुपये आणि १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५०,००० रुपये असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. रक्कम मोठी नाही. पण मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही आणि नळाला पाणी नाही म्हणून सातवीची मुलगी दुपारी घरी जाते ती परत येत नाही, हे ज्या आईला माहीत आहे तिला त्या दहाव्या हिश्शाचा हिशेब कोणी दाखवला असता, तर कडी पहिल्याच महिन्यात बसली असती. शालेय पोषण आहाराचेही तेच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. ही दोन प्रमाणे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असली की समितीतल्या कोणत्याही बाईला रोजच्या पटाशी ताळा करून पाहता येतो, कारण धान्य मोजण्याची तिला आयुष्यभराची सवय असते.

भाषेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण नोकरीतली माझी सर्वांत मोठी चूक तिथे झाली. आमच्या भागात पहिलीत येणारे मूल घरच्या अहिराणी बोलीत ‘मनं नाव’ म्हणत येते. ‘माझं नाव’ म्हण, असे सांगून मी अनेक वर्षे त्याला पहिल्याच दिवशी गप्प केले. चोपड्याला सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा समोरची मुले पावरी ही आदिवासी बोली बोलणारी होती आणि आता गप्प बसण्याची पाळी माझी होती. मुलांचे शब्द मी वहीत उतरवून घेतले, फळ्यावर आधी त्यांचा आणि मग पुस्तकातला शब्द लिहू लागलो, आणि त्या वर्गाने वाचायला मी आधी शिकवलेल्या कोणत्याही वर्गापेक्षा लवकर सुरुवात केली. परत पारोळ्याला आल्यावर अहिराणीच्या बाबतीत हे आपल्याला का सुचले नाही, याचे मला फार वाईट वाटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. ते धोरण गावात उतरायचे तर आठवड्यातून एक तास गावातल्या आजीबाईंनी शाळेत येऊन अहिराणीत गोष्ट सांगावी, एवढी साधी गोष्ट समिती ठरवू शकते. त्यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. दर महिन्याला चावडी वाचन, म्हणजे मुलांनी गावासमोर मोठ्याने वाचून दाखवणे, व्हावे आणि त्यात केवळ हुशार चार मुलांनी नव्हे, तर तिसरीच्या प्रत्येक मुलाने दोन ओळी वाचाव्यात, ही माझी दुसरी सूचना आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला तिथे कमीपणा वाटू नये म्हणून त्याच्या शेजारी त्याच्याबरोबर वाचणारे मोठे मूल बसवावे. वाचन कुठे अडते ते पालकांना कानांनी ऐकू द्यावे. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवरून ते कळत नाही.

या जागेसाठी आमच्या गावात आणखी एक नाव आहे. ती व्यक्ती अंगणवाडी सेविका म्हणून दीर्घकाळ काम केलेली आहे, आणि शिक्षणतज्ज्ञाच्या जागेवर बालविकासाचा अनुभव असलेली व्यक्तीही निवडता येते. त्यांना गावातले प्रत्येक मूल जन्मापासून माहीत आहे. पालकांनी त्यांना निवडले तर मला आनंद होईल आणि आराखड्याचे कागद वाचून दाखवण्यासाठी मी बैठकीबाहेर उपलब्ध राहीन. माझा आग्रह निवड खरी व्हावी एवढाच आहे.

त्यासाठी मी मुख्याध्यापकांना लेखी विनंती दिली आहे की, पालकसभा सकाळी अकराऐवजी संध्याकाळी सातनंतर, बाया शेतातून परतून भाकरी झाल्यावर घ्यावी. आठ दिवस आधी दवंडी द्यावी आणि ती भिलाटीतही द्यावी. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचे जे आजी-आजोबा गावात राहतात त्यांना पालक म्हणून बोलवावे. आणि रजिस्टर सभेच्या जागेवरून हलू नये. मुख्याध्यापकांनी पहिल्या तीन गोष्टी लगेच मान्य केल्या. कोरम झाला नाही तर रजिस्टर फिरवावे लागेल, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, आणि त्यांची अडचण मला पुरती ठाऊक आहे. कोरम न झाल्यास सभा तहकूब करून पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यावी, तोवर समिती गठित झाल्याचे कळवण्यासाठी तगादा लावू नये, अशी विनंती मी या पत्राद्वारे जिल्ह्यातील गटशिक्षणाधिकाऱ्यांना करतो.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
ता. पारोळा, जि. जळगाव