शब्दकोड्याखाली रोज एक शॉर्टकट छापा की!

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

शॉर्टकट म्हणजे माऊसऐवजी कीबोर्डची बटणं दाबून काम उरकायचं. मागच्या आठवड्यात मुलीच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायला ठाण्यात गावदेवी मैदानाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, आत सात-आठ जण घामाघूम, आणि कॉम्प्युटरवर विशीतला एक पोरगा. माऊस त्याने मॉनिटरच्या मागे ढकललेला आणि त्या जागी कटिंगचा ग्लास. नाव लिहिलं की टॅबचं बटण दाबून पुढच्या रकान्यात, आडनाव लिहिलं की टॅब, चुकून पुढे गेला तर शिफ्ट टॅब करून मागे, टिक करायची असेल तर स्पेसबार. राज्याची यादी आली तेव्हा मी मनात म्हटलं आता तरी माऊस लागेल, तर पठ्ठ्याने दोनदा एम दाबला. एकदा एम दाबला की मध्य प्रदेश येतं ना, दुसऱ्यांदा महाराष्ट्र! माझा नंबर लागेपर्यंत चहा पण गार झाला नव्हता त्याचा.

आता याच्या उलट एका सरकारी काउंटरवरचा अनुभव (कुठला ते लिहीत नाही, तिथे मला परत जायचंय). तिथल्या बाई एका फाईलमधलं नाव दुसऱ्या फाईलमध्ये नेताना माऊसने नाव रंगवणार, राइट क्लिक, यादीत कॉपी शोधणार, मग फाईल खाली करणार, दुसरी वर घेणार, परत राइट क्लिक, पेस्ट. असं प्रत्येक माणसामागे चार-पाच वेळा. बाईंचा दोष नाहीच यात, त्यांना जसं शिकवलं तसं त्या करतात. कंट्रोल सीने कॉपी, ऑल्ट टॅबने दुसरी फाईल, कंट्रोल व्हीने पेस्ट, एवढंच त्यांना कोणी बाजूला बसून दाखवलं असतं तर आमची रांग जिन्यापर्यंत गेली नसती.

गंमत म्हणजे हे कॉपी-पेस्ट निघालं ते मूळ झेरॉक्स कंपनीच्याच अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून. लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ते तिथे बसवलं. टेस्लर २०२० मध्ये वारले. झेड, एक्स, सी, व्ही ही चारही बटणं कीबोर्डवर खाली डाव्या कोपऱ्यात एका ओळीत आहेत, म्हणजे डाव्या हाताने कंट्रोल धरून केलेलं उलटवा, कापा, उचला, चिकटवा, आणि उजवा हात चहाला मोकळा.

आता तुम्ही म्हणाल हे गृहस्थ फार शहाणे दिसतात. तर ऐका. मी वर्तकनगरमधल्या आमच्या ८४ फ्लॅटच्या सोसायटीचा खजिनदार, मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये मीच करतो. एका महिन्यात पाण्याचा रेट बाजूच्या एका सेलमध्ये म्हणजे चौकटीत लिहिला, पहिल्या फ्लॅटला फॉर्म्युला टाकला आणि माऊसने धरून खाली ओढला. पहिल्या फ्लॅटला पाणीपट्टी बरोबर, बाकीच्या ८३ जणांना शून्य! कारण फॉर्म्युला खाली गेला तसा रेटचा सेल पण खाली खाली सरकत रिकाम्या जागेत गेला. बिलं वाटली गेली, एकाने तक्रार केली नाही हो, पहिल्या फ्लॅटवाल्यांनी सोडून. नंतर भाच्याने दाखवलं, फॉर्म्युल्यात त्या सेलच्या नावावर कर्सर ठेवून एफ ४ दाबायचं, दोन डॉलरची चिन्हं येतात आणि सेल जागचा हलत नाही. पण माझ्या लॅपटॉपवर नुसतं एफ ४ दाबलं की आवाज बंद होतो, बरोबर एफएन पण धरावं लागतं, हे शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

मग चेव आला आणि ओढण्याऐवजी कंट्रोल शिफ्ट आणि खालचा बाण वापरला. कॉलम रिकामा होता, त्यामुळे सिलेक्शन गेलं थेट शेवटच्या ओळीवर म्हणजे १०,४८,५७६ व्या, आणि मी न बघता कंट्रोल डी दाबून सगळीकडे फॉर्म्युला भरला. लॅपटॉप पंखा सोडून बसला. ८४ फ्लॅटची बिलं दहा लाख ओळींत! कंट्रोल झेडने वाचवलं.

तेव्हापासून रोज एक नवीन बटण शिकायचं ठरवलंय. कंट्रोल आणि अर्धविराम म्हणजे सेमिकोलन दाबलं की एक्सेलमध्ये आजची तारीख येते, विंडोज आणि स्पेसबारने मराठी-इंग्लिश कीबोर्ड बदलतो (मी तीन वर्षं खाली कोपऱ्यात जाऊन क्लिक करत होतो), ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब (म्हणजे उघडलेलं पान) कंट्रोल शिफ्ट टी ने परत येतो. विंडोज आणि व्ही ने आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी दिसते, पण ते घरच्या कॉम्प्युटरवरच चालू ठेवा, बाहेर कुठे आधार नंबर कॉपी केलात तर मागून येणाऱ्यालाही तो दिसायचा.

तर विनंती एवढीच की तुमच्या पेपरात शब्दकोड्याखाली बोटभर जागा असते तिथे रोज एक शॉर्टकट छापा, बटणांच्या चित्रासकट. आणि पहिल्या दिवशी कंट्रोल झेडच घ्या, कारण केलेलं उलटवता येतं हे कळल्याशिवाय आमच्या सोसायटीतले आजोबा लोक कीबोर्डला हात लावणार नाहीत.

आपला,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे