धमनी म्हणजे पाण्याचा पाइप नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आरोग्याच्या पानावर कोलेस्ट्रॉलवरचा लेख वाचला, माहिती चांगली होती पण सोबतचं चित्र बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. तेच ते, पाण्याचा पाइप आणि आत साचलेला पिवळा गाळ. या चित्रानं माझ्या मोठ्या भावाचं नुकसान केलंय. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि आठ महिन्यांनी त्यानं गोळ्याच बंद केल्या, का तर म्हणे पाइप मोकळा झाला, आता कशाला. पुढच्या दिवाळीत परत छातीत दुखलं, दुसऱ्याच धमनीत ब्लॉकेज निघालं.

मी २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतेय. लोकांना वाटतं कोलेस्ट्रॉल वाढलं की रक्त तुपासारखं दिसत असणार. तसं नसतं हो. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढल्यावर सिरम, म्हणजे वर राहणारा रक्ताचा पातळ भाग, दुधासारखं दिसलं तर ते ट्रायग्लिसराइड या दुसऱ्या चरबीमुळे, नुसतं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल वाढलेलं असेल तर सिरम छान स्वच्छ पिवळसर असतं, बघून काही म्हणजे काही कळत नाही.

आणि साचतं ते पोकळीत नाही, धमनीच्या भिंतीत. एलडीएल भिंतीत शिरतं, मागोमाग मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि ते खाऊन खाऊन फुगतात, फेसासारख्या दिसतात आणि भिंतीला सूज येते. रशियात अनिचकोव यांनी १९१३ सालीच सशांना कोलेस्ट्रॉल खाऊ घालून अशा पेशी बघितल्या होत्या. पण या मोनोसाइट येतात कुठून? हाडातल्या मगजातून, बोन मॅरोमधून. तिथल्या स्टेम सेलवर, म्हणजे नव्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशींवर, जादा कोलेस्ट्रॉल बाहेर टाकणारे पंप असतात आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल ते उचलून नेतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन टॉल यांच्या टीमनं ज्या उंदरांत एबीसीए१ आणि एबीसीजी१ हे दोन पंपच नाहीत असे उंदीर तपासले, तर स्टेम सेलच्या पडद्यात कोलेस्ट्रॉल साठून वाढीचे सिग्नल त्यांना जास्तच लागू पडायला लागले आणि पांढऱ्या पेशी भराभर बनत सुटल्या, २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे भिंतीत भरणारं कोलेस्ट्रॉल तिकडे मगजात पेशींची भरतीसुद्धा वाढवतंय! पुढे उंदरांतच असंही दिसलं की सूज आवरणाऱ्या टी-रेग पेशींपैकी काही आपलं काम सोडून वेगळ्याच जातीच्या होतात.

माणसांचं म्हणाल तर २०१७ ची कँटोस ट्रायल आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेले १०,०६१ पेशंट, आणि कॅनाकिनुमॅब हे फक्त सूज कमी करणारं इंजेक्शन, एलडीएल त्यानं कमी होत नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसला अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकारानं मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणी इन्फेक्शनं वाढली, त्यामुळे नुसती प्रतिकारशक्ती दाबून चालायचं नाही, एलडीएल खाली ठेवावंच लागतं.

स्टेंट एका जागेपुरता असतो, बाकीच्या भिंती आणि मगज तेच राहतात. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका हे कृपया ठळक छापा, आणि पुढच्या वेळी धमनीचा आडवा छेद द्या, भिंतीतल्या फेसाळ पेशी आणि शेजारी हाड दाखवून. आमच्या लॅबच्या वेटिंग रूममध्ये सध्या पाइपचंच पोस्टर आहे, ते काढून मी तुमचं लावीन.

आपली एक वाचक, इस्लामपूर